पोचतं करणं

मैत्रिणींनो, सत्यनारायणाचा प्रसाद शेजारी द्यायचा असला की आपण काय करतो? वाटी भरतो, वर झाकण ठेवतो आणि मुलाला हाक मारतो, "बाळ, जरा काकूंकडे देऊन ये रे!" प्रसाद दिल्याचं नाव आपलं होतं. काकू वाटी परत करताना आपलंच कौतुक करतात. मधे जो दोन जिने उतरून आणि दोन चढून, एक थेंब न सांडता वाटी नेतो, त्याची आठवणही कुणी काढत नाही. मीही कधी काढली नव्हती.

गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाने अशीच एक वाटी पोचती केली. फरक एवढाच, की ती वाटी म्हणजे एका इंजिनाचं, सहा माणसांचं छोटं विमान होतं आणि मधे जिन्यांऐवजी पॅसिफिक महासागर होता.

मी राहते सांगलीला. बी.ए. झाले, लग्न झालं, दोन मुलं झाली. सकाळी मुलींच्या शाळेत अर्धवेळ इतिहास-भूगोल शिकवते, बाकी दिवस घरचाच. माहेर मिरजेचं. वडील गेले, आई तिथे एकटी राहते, हट्टाने. आणि हा भाऊ अमेरिकेत. गेला होता इंजिनिअरिंग शिकायला, पण विमान चालवायला शिकला आणि त्यातच रमला. विमानं इकडून तिकडे पोचवणं हाच आता त्याचा धंदा. त्याला तिकडे 'फेरी पायलट' म्हणतात. आपल्याकडे नदीच्या तरीवर नावाडी असतो ना, तसंच काहीसं. फक्त इथे नावच परक्याची असते आणि ती पलीकडे सोडून नावाड्याने हात हलवत परत यायचं असतं.

विमान जहाजातून का नाही पाठवत, असं मीही विचारलं होतं. पाठवतातही. पण मग पंख सुटे करायचे, खोक्यात बांधायचं आणि पलीकडे पुन्हा जोडून तपासायचं. वेळ आणि पैसा दोन्ही जातात. म्हणून बरेचदा उडवतच नेतात.

हे विमान होतं कॅलिफोर्नियातल्या एका शेतकऱ्याचं. सेसना २०६ म्हणतात त्या जातीचं. तो वारला आणि विमान शेडमध्ये चार वर्षं झाकून पडलं. त्याची बायको सत्तरीच्या पुढची. गिऱ्हाइकं येत होती, पण तिच्या मनातून ते विकायचं होईना. भाऊ म्हणाला, "ताई, विमान उडवून झिजतं त्यापेक्षा उभं राहून जास्त खराब होतं. इंजिनाला आतून गंज चढतो." शेवटी तिने ते पापुआ न्यू गिनीमध्ये रुग्ण आणि औषधं नेणाऱ्या एका मिशनला देऊन टाकलं. इंजिन उघडलं, दुरुस्त झालं, सगळ्या तपासण्या झाल्या. राहिलं एकच काम: अकरा हजार किलोमीटरवर नेऊन द्यायचं. मिशनकडे त्याची पूर्ण मजुरी द्यायला पैसे नव्हते. भावाने पेट्रोल, वाटखर्च आणि परतीचं तिकीट एवढ्यावर काम घेतलं.

आता खरं सांगते, लपवत नाही. हे ऐकून मला कौतुक वाटलं नाही, राग आला. "मिशनचं विमान? आपला काय संबंध? त्यांच्या धर्माच्या कामासाठी तू जीव धोक्यात घालणार?" मी फोनवर बरीच बोलले.

तो ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, आजी असती तर तिला विचारलं असतं."

मी गप्प झाले. आमच्या आजीचं मोठं ऑपरेशन मिरजेच्या मिशनच्या दवाखान्यात झालं होतं. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेला तो दवाखाना. आमच्या भागात कितीतरी घरांतून 'आमचा जीव मिशननं वाचवला' असं म्हणणारं एखादं म्हातारं माणूस निघायचंच. आजी सोवळंओवळं पाळणारी, पण दवाखान्याचं नाव निघालं की हात जोडायची. भाऊ म्हणाला, "तिथली हत्यारं, यंत्रं, औषधं कुणीतरी बोटीत घालून, बैलगाडीत घालून पोचवली असतील ना? आजीला त्यांची नावं माहीत होती का? मी त्यातला आहे असं समज."

मिशनच्या धर्मप्रसाराबद्दल माझ्या मनात शंका आहेत, आजही आहेत. औषध द्यावं आणि कुणाच्या देवाला हात लावू नये, असंच मला वाटतं. पण आजीच्या पोटावरची ती लांब शिवण मी लहानपणी पाहिली होती. तिच्यापुढे माझा वाद टिकेना.

मग शाळेचा ॲटलास काढून बसले. पापुआ न्यू गिनी आपण भूगोलात एका ओळीत उरकतो. तिथे आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. डोंगर असे, की राजधानी पोर्ट मोर्सबीपासून मधल्या डोंगराळ मुलखात जायला रस्ताच नाही. गावोगावी उतारावर गवताच्या धावपट्ट्या केल्या आहेत. जिथे पायी जायला दिवस लागतात तिथे छोटं विमान मिनिटांत पोचतं. अडलेली बाळंतीण दिवसभर झोळीतून न्यायची की अर्ध्या तासात विमानाने, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

तयारीचं ऐकाल तर थक्क व्हाल. विमानाच्या पंखांतलं पेट्रोल पुरतं सुमारे सहा तास. कॅलिफोर्नियापासून हवाई बेटं जवळजवळ ३,७०० किलोमीटर, म्हणजे त्या विमानाला पंधरा तास. मधे एकसुद्धा बेट नाही. म्हणून वैमानिकाची सोडून बाकी आसनं काढली आणि तिथे साडेसहाशे लिटरची टाकी बसवली. नुसत्या त्या पेट्रोलचंच वजन साडेचारशे किलोच्या वर. विमान नेहमीपेक्षा जड होतं, त्यासाठी तिथल्या सरकारी खात्याची वेगळी परवानगी काढावी लागते. टाकीला हवा आत यायला नळी ठेवतात. ती तुंबली तर पेट्रोल असूनही इंजिनापर्यंत येत नाही. मी म्हटलं, "अरे, हे तर तेलाच्या डब्यासारखं! एकच भोक पाडलं तर धार लागत नाही, पलीकडे दुसरं पाडावं लागतं." तो हसून म्हणाला, "अगदी तसंच. तुला परीक्षेत पास केलं."

पाण्यात उतरावं लागलं तर फुगवायची रबरी होडी, गार पाण्यात तग धरायचा पोशाख, दूरवर बोलायचा रेडिओ. खायला सुकामेवा, चिक्की आणि केळी. पंधरा तास जागेवरून उठता येत नाही. मग लघवीचं काय, असा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. त्याला बाटली असते. मी विचारायला लाजत होते, त्याने आपणहून सांगितलं.

सगळी सिद्धता झाली आणि तो आठ दिवस नुसता बसून राहिला! वारा अनुकूल नव्हता. त्या वाटेवर सुरुवातीला वारा बहुधा समोरून येतो आणि हवाई जवळ आल्यावर पाठीशी येतो. समोरचा वारा फार असला तर तासच्या तास वाढतात आणि पेट्रोल पुरत नाही. "न निघणं हेसुद्धा कामच असतं, ताई," तो म्हणाला.

त्या आठ दिवसांत मी या विषयावर मिळेल ते वाचून काढलं. आणि मला काय सापडलं ठाऊक आहे? हे पोचवण्याचं काम बायकांनी ढिगाने केलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हजारावर स्त्रिया सैन्याची विमानं चालवत होत्या. 'वास्प' म्हणत त्यांना. कारखान्यातून निघालेली विमानं तळावर पोचवायची, हे त्यांचं मोठं काम. बारा हजारांवर विमानं त्यांनी पोचवली. अडतीस जणी त्यात गेल्या. पण त्या सैनिक मानल्याच गेल्या नव्हत्या. गेलेल्या मुलीला घरी पाठवायला तिच्या मैत्रिणी वर्गणी काढत. १९४४ च्या अखेरीला 'आता गरज नाही' म्हणून सगळ्यांना घरी पाठवलं. सैनिक म्हणून मान्यता मिळाली १९७७ मध्ये आणि अमेरिकन काँग्रेसचं सुवर्णपदक २०१० मध्ये. तोवर त्या आज्या-पणज्या झाल्या होत्या.

त्यांतलीच एक बेटी ग्रीन. युद्ध संपता संपता 'मिशन एव्हिएशन फेलोशिप' ही संस्था निघाली आणि तिची पहिली वैमानिक झाली ही मुलगी. २३ फेब्रुवारी १९४६ ला दोन पंखी वाको विमान घेऊन ती कॅलिफोर्नियातून मेक्सिकोला निघाली. बरोबर दोन प्रवासी, त्याही बायकाच. तेव्हा तिचं वय पंचविशीचं. पुढे ती पेरू, नायजेरिया, सुदान आणि न्यू गिनीतही उडाली.

इथेच पुस्तक मिटायला हवं होतं. पण मी पुढे वाचलं. १९४८ मध्ये जॅक हेमिंग्ज आणि स्टुअर्ट किंग हे दोघे इंग्रज एक छोटं लाकडी विमान घेऊन इंग्लंडहून आफ्रिकेत गेले. कुठे विमानाची गरज आहे हे पाहायला. त्यातले हेमिंग्ज युद्धाच्या काळात आपल्या हिंदुस्थानात वैमानिक होते. काही महिन्यांनी ते विमान बुरुंडीच्या डोंगरावर आदळलं. दोघे चालत बाहेर आले म्हणून बरं! हेमिंग्ज तर पुढे शंभरी ओलांडून २०२५ मध्ये वारले. पण मला त्या रात्री त्यांची शंभरी दिसली नाही, डोंगरच दिसला.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याचा निरोप आला, "निघतोय." त्याच्याकडे पहाटेचे चार, माझ्याकडे दुपारचे साडेचार. मी गच्चीवर कुरडया गोळा करत होते. त्याच्याजवळ उपग्रहाला खूण पाठवणारं एक छोटं यंत्र होतं. दर दहा मिनिटांनी माझ्या फोनमधल्या नकाशावर एक ठिपका पुढे सरकायचा. हे फक्त मला आणि ह्यांना माहीत. आईला सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी तिचा फोन आला. "भाऊ कसा आहे ग?" मी म्हटलं, "मजेत. सुट्टी आहे त्याला." कुरडयांचा डबा हातात धरून मी धडधडीत खोटं बोलले.

रात्री सगळे झोपले. निळ्या नकाशावर एक ठिपका आणि मी. त्याने सांगितलं होतं, वाटेत एक जागा येते. तिथपर्यंत काही बिघडलं तर मागे फिरता येतं. त्यानंतर पुढेच जायचं, मागचा किनारा जास्त लांब. बाराच्या सुमाराला ठिपका त्या जागेच्या पुढे गेला. मैत्रिणींनो, मुलीची पाठवणी करताना गाडी वळणावरून दिसेनाशी होते ना, तसं झालं.

तो म्हणतो, खाली पाणी दिसायला लागलं की चांगलं इंजिनसुद्धा खरखरल्यासारखं वाटतं. कान भास ऐकतात. मला त्यात नवल वाटलं नाही. मूल तान्हं असताना कुकरच्या शिट्टीत, नळाच्या पाण्यात, सगळीकडे आपल्याला रडणंच ऐकू येतं की नाही?

दोन वाजून दहा मिनिटांनी ठिपका थांबला.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. तीस. फोन बंद करून चालू केला. ठिपका तिथेच. मी देवापुढे जाऊन बसले, पण स्तोत्र आठवेना. आठवत होता तो पाचवीतला भाऊ, पोहायला शिकताना विहिरीच्या काठावर थरथरत उभा असलेला आणि "ताई, तू बघत राहा हं" म्हणणारा. मी बघतच होते. बघण्यापलीकडे काहीच करता येत नव्हतं. हे उठले. काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरात गेले आणि चहा करून आणला. लग्नाला चौदा वर्षं झाली, ह्यांच्या हातचा मी प्यायलेला तो पहिला चहा. साखर दुप्पट होती.

चाळीस मिनिटांनी ठिपका एकदम पुढे उडी मारून दिसला. ते यंत्र समोरच्या कट्ट्यावरून घसरून आसनाखाली गेलं होतं, म्हणून आकाशाला दिसत नव्हतं. एवढंच! त्याला पत्ताही नव्हता. तो तेव्हा चिक्की खात होता म्हणे.

सकाळी साडेसातला निरोप आला. "पोचलो, ताई. भूक लागलीय." मी देवापुढे साखर ठेवली आणि मग मात्र पोटभर रडले.

त्याच दिवशी मिरजेला जाऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, आता सुखरूप पोचलाय, आई हसेल. आई हसली नाही. निवडत असलेलं ताट बाजूला ठेवून म्हणाली, "माझ्या वाटणीची काळजी तू एकटीने का केलीस?"

मी म्हटलं, "अगं, तुला त्रास नको म्हणून."

"त्रास? मी त्याची आई आहे. तो समुद्रावर होता आणि मी संध्याकाळी टीव्हीवर मालिका बघत होते. हे मला आयुष्यभर बोचणार. दुःख वाटायला मला बोलावतेस, मग भीती वाटायला का नाही?"

मला उत्तर सुचलं नाही. आपण म्हाताऱ्या माणसांना जपतो म्हणता म्हणता त्यांना घरातून बाजूलाच करतो की काय, असं तेव्हापासून मनात येतं.

पुढच्या टप्प्यांना आई माझ्याकडे सांगलीला येऊन राहिली. हवाईहून मार्शल बेटांतलं माजुरो, पुन्हा सुमारे ३,६०० किलोमीटर. तिथून सॉलोमन बेटांतलं होनिआरा, सव्वादोन हजार. मग पोर्ट मोर्सबी, चौदाशे. आईने चष्मा पुसून ठिपका पाहिला, जपाची माळ ओढली आणि मधूनमधून मला "झोप जा तू" म्हणाली. दोघी मिळून काळजी केली तर ती निम्मी होत नाही. पण रात्र लवकर सरते, हे खरं.

पोर्ट मोर्सबीला विमानाच्या किल्ल्या आणि कागद ताब्यात दिले. दोन माणसं टाकी काढायला आणि आसनं बसवायला लागली. भावाने सही केली, पिशवी उचलली आणि प्रवासी विमानाने परत गेला. ना हार, ना फोटो. पण त्या शेतकरीणबाईला मात्र त्याने तिथूनच फोन केला. ती म्हणे बराच वेळ बोललीच नाही. मग विचारलं, "इंजिन नीट चाललं ना? ह्यांना फार जपायची सवय होती त्याला." मैत्रिणींनो, नवऱ्याच्या वस्तूबद्दल असं बोलणारी बाई जगाच्या कुठल्याही टोकाला असो, आपल्याला ओळखीचीच वाटते.

दिवाळीत तो आला तेव्हा आईसाठी तिथल्या बायकांनी हाताने विणलेली पिशवी घेऊन आला. 'बिलुम' म्हणतात तिला. तिकडे बायका तिचा पट्टा कपाळावर अडकवून पाठीवर भाजी नेतात, बाळही नेतात. आई तिच्यात आता कोथिंबीर आणते.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. आईचं पायाने चालवायचं शिवणयंत्र चार वर्षं चादरीखाली झाकलेलं होतं. डोळे अधू झाल्यापासून ते बंदच. 'देऊ या कुणाला तरी' असं आम्ही दर दिवाळीला म्हणायचो. या दिवाळीनंतर आईने स्वतःच चादर काढली. म्हणाली, "उभं राहून यंत्र गंजतं, असं तो म्हणाला ना? तुझ्या शाळेतल्या त्या मुलीची आई शिवण शिकलीय म्हणालीस. तिला दे. मी दिलं म्हणून सांग. पण टेम्पोवाल्यावर सोपवू नकोस, तू स्वतः बरोबर जा."

गेले. यंत्राला तेल घातलं, पट्टा नवा बसवून घेतला आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून बावीस किलोमीटर गेले. रस्ता इतका खराब, की प्रत्येक खड्ड्याला मागे वळून बघत होते. त्या बाईने माझ्या हातावर गूळ ठेवला आणि म्हणाली, "तुमच्या आईंना नमस्कार सांगा."

माझं नाव तिने विचारलं नाही. परत येताना माझ्या लक्षात आलं, की मला त्याचं जराही वाईट वाटलेलं नाही. घरी येऊन पहिला फोन आईला केला. म्हटलं, "पोचवलं ग."